पाचवा पुडा

चोपड्याच्या जिनिंगमध्ये मला बोलावलं
ते एका आकड्यासाठी.
टेबलावर रुईचे सात पुडे, निळ्या कागदात:
अ ब क ड इ फ ग.
नव्या यंत्राने त्यांना आदल्या दिवशीच
कवायतीच्या पोरांसारखं उंचीने उभं केलेलं,
अ सगळ्यात लांब धाग्याचा, ग सगळ्यात आखूड.

दुसरी यादी रुबाब तडवींच्या हातातून यायची होती.
नावातच रुबाब; अंगावर म्हणाल
तर केसांत अडकलेली रुई तेवढी.
एकतीस हंगाम हा माणूस
दोन अंगठ्यांत झुपका धरून
ओढतो, जुळवतो, परत ओढतो,
मग काळ्या स्वेटरच्या बाहीवर तंतू अंथरून
डोळे बारीक करतो.

डिगंबरशेठ म्हणाले, मॅडम,
दोघांचं कितपत जमतं तेवढं सांगा,
मग पाहू, एक ठेवायचं का दोन्ही.
एक म्हणजे कोणतं, ते मी विचारलं नाही.

पद्धत सोपी आहे.
दोन-दोन पुडे घ्यायचे. अ आणि ब, पुढे कोण?
यंत्र म्हणतं अ, हात म्हणतो अ: एक जमेला.
याद्या भांडल्या तर एक खर्ची.
सातांच्या जोड्या एकवीस,
एकवीस वेळा तोच प्रश्न,
लग्नात विचारतात तसा, आधी कोणाला टोपी.
केसभर मागे पडला काय, कोसभर मागे पडला काय,
क्रमाला दोनच शब्द येतात:
आधी. नंतर.

रुबाबचाचांनी पुडे लावले.
इ अ ब क ड फ ग.

सतरा जमेला, चार खर्ची.
तेरा भागिले एकवीस.
शून्य पूर्णांक बासष्ट.

माझी नजर मात्र त्या चारांवरून हलेना.
चारही भांडणांत एकच पुडा.
बाकी सहांबद्दल यंत्राचं आणि चाचांचं
एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
सूत्र हे सांगत नाही.
चार घरांत एकेक कुरबुर
आणि एकाच घरात चार,
त्याला बेरीज सारखीच.

इ पहिला का? मी विचारलं.
त्यांनी उत्तर नाही, झुपका दिला.
ओढा.
ओढला. तुटला.
आता अ ओढा.
तोही तुटला.
समजलं?

नाही, म्हणाले मी.
खरंच नाही समजलं.
माझ्या बोटांना पंधरा वर्षांचा खडू आहे.
ते हसले नाहीत.
पुडा गुंडाळला, घडीवर नख फिरवलं,
आणि होता तिथेच ठेवला,
अ च्या आधी.

खिडकीतून सरकीचा ढीग दिसत होता,
त्यावर चढलेली कोणाची तरी शेळी,
तिला हाकलायला धावलेला वॉचमन.
यंत्राच्या खोलीत एसी चालू होता.
चाचा दारापाशी उभे राहिले,
आत जाताना चपला काढायच्या असतात म्हणून
बाहेरच.

शेठ आले. किती?
शून्य पूर्णांक बासष्ट.

"बासष्ट? मंग फष्ट क्लासच की हो मॅडम!
मले मॅट्रिकले एवढे नव्हते."
आणि चाचांच्या पाठीवर थाप,
आणि चहा सांगितला, तीन कप.

पंधरा वर्षं मी फळ्यावर लिहीत आले आहे,
हे टक्के नव्हेत.
खाली रेघ, दोनदा.
ज्यांनी टक्के लिहिले त्यांचे दोन-दोन गुण कापले,
एकदा तर सख्ख्या पुतणीचे.
शून्य म्हणजे नापास नव्हे,
उणे एक म्हणजे वाईट नव्हे,
आणि बासष्ट तर मुळीच बासष्ट नव्हे.

चहा आला. आलं जास्त होतं.
चाचा माझ्याकडे बघत नव्हते,
नखातली रुई काढत होते.

मी तोंड उघडलं,
चहा बशीत ओतला,
आणि फुंकर घातली.